पाठ असलेला अर्धा तास

लेकीचं काहीतरी बिनसलंय, हे आईच्या मनातून जाता जाईना. सकाळची ड्यूटी करून आली, ताटावर बसली, आणि घास हातातच.

लेक नर्स. पाठांतरात पहिल्यापासून पक्की. वॉर्डात तिला सगळ्या ‘कॉम्प्युटर’च म्हणायच्या. कुठलं औषध किती पाण्यात कालवायचं, किती वेळात चढवायचं, सगळं तोंडपाठ. मोबाइल काढून बघायची तिथे सोयच नव्हती. एकीने एकदा बघितलं, तर पेशंटचा जावई खेकसला, “आमचा माणूस तळमळतोय आणि तुम्ही व्हिडिओ बघताय?” तेव्हापासून मोबाइल दिसला की इन्चार्जबाईंच्या कपाळाला आठ्या. औषधांचं पुस्तक त्यांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. मग अडलं की चला कॉम्प्युटरकडे. आईला त्याचं कोण कौतुक! शेजारणींना सांगताना तोंड दुखत नसे तिचं.

“काय गं, भाजी खारट झालीय का?”

“नाही गं.” लेकीने ताट सरकवलं. “निघताना नवीन सिस्टरने विचारलं, हे अँटिबायोटिक किती वेळात सोडायचं? मी पर्स खांद्याला लावता लावता सांगून टाकलं, अर्धा तास.”

“मग?”

“बसमध्ये बसले आणि वाटायला लागलं, अर्धा तास त्या जुन्या औषधाचा. हे सावकाश द्यायचं असतं बहुतेक. भरभर गेलं तर प्रेशर एकदम उतरतं. त्यात ज्यांना द्यायचंय ते आजोबा आधीच अशक्त.”

“दिलं का त्यांना?”

“संध्याकाळी आहे पहिला डोस.”

“मग मोबाइल आहे ना हातात? बघ की!”

लेक खाली मान घालून बसली. “बघितलं तर फोन करावा लागेल, आई.”

“मग कर की फोन!”

“उद्या सगळ्या दात काढतील, कॉम्प्युटर हँग झाला म्हणून. आणि इन्चार्जबाई टपूनच बसल्यात. बरोबरच असेल गं माझं. ती नवीन सिस्टर बघून घेईल.”

“कॉम्प्युटरने सांगितल्यावर कोण बघतंय? तूच सांगतेस ना फुशारकीने?”

“तूही सांगतेसच की सगळ्यांना!” लेक ताडकन उठली. खोलीचं दार धाडकन लागलं.

आईने लेकीचं ताट झाकून ठेवलं. लेक खोटं बोलणारी नव्हती, कामचुकार तर नव्हतीच. पण आजवर कुणापुढे ‘मला माहीत नाही’ म्हणाली नव्हती, आणि ते म्हणायला घरात तिला कुणी शिकवलंही नव्हतं. त्या आजोबांच्या उशाशी आता कोण बसलं असेल? मुलगी? सून?

ड्यूटीवर मोबाइल बंद असतो, म्हणून वॉर्डचा नंबर लेकीनेच आईला देऊन ठेवला होता. आई दाराशी गेली.

“तू करतेस की मी करू?”

“माझी लाज काढशील तू!”

“काढते,” आई म्हणाली. पलीकडून विचारतील, कोण बोलतंय. तिची आई बोलतेय, असंच सांगायचं, आणि सलाइनला हात लावायच्या आधी पुस्तक उघडायला लावायचं. तिने चष्मा लावला आणि नंबर फिरवला.