अप्पांची टोपी

परवा कपाट आवरताना जुना डिजिटल कॅमेरा हाती लागला. कव्हरला अजून तोच रबराचा वास होता. पुसायला म्हणून मेमरी कार्ड बाहेर काढलं, नवे सेल घातले, चालू केला, आणि इवल्याशा पडद्यावर येलदरीचं धरण आलं.

कॅमेरा नवा असताना आम्ही तिथं गेलो, त्या दिवशी धरणावर लय वारं होतं. रेल्वेतली नोकरी अंगात भिनलेले आमचे अप्पा फोटोत कायम ताठ, ओठ मिटून उभे राहायचे. तसेच उभे राहिले आणि वाऱ्यानं त्यांची टोपी उडवली. आई धपाट्यांचा डबा तिथंच ठेवून मागं धावली, टोपी पकडली, आणि परत न देता स्वतःच्याच डोक्यावर घातली. अप्पा पोट धरून हसले. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी कौतुकानं कार्ड विकत आणून कॅमेऱ्यात घातलं, तर येलदरीचे सगळे फोटो गायब. कॅमेऱ्याला स्वतःचीही थोडी जागा असते आणि कार्ड घातलं की तिथले फोटो दिसत नाहीत, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? तेव्हापासून घरात एकच वाद. आई म्हणायची, "तुमी हसला होता." अप्पा म्हणायचे, "हाय का पुरावा?"

आता मी कॅमेरा अप्पांपुढं धरला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुज्या आईला सांगू नको."

आई त्यांच्या मागंच उभी होती. खुंटीवरची अप्पांची टोपी काढून तिनं स्वतःच्या डोक्यावर घातली.