चारचौघांतला दम

पुणतांब्याच्या घाटावर दहाव्याचं मुंडण करणारे पुंजारामतात्या कुणाचंच ऐकून घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक खुर्चीत जरा हललं की खेकसायचे. एका पुढाऱ्याला म्हणाले होते, "भाषान खुर्चीतून उतरल्यावर करा." या रागाचा त्यांना थोडा तोराही होता.

आमच्यात रीत अशी, की दहाव्याला सगळ्या भावांचं मुंडण एकाच पात्यानं व्हायचं. मध्येच पातं बदललं तर भावाभावांत फूट पडते म्हणे.

माझे वडील छगनराव गेले आणि ही रीत आठवून मला धडकी भरली. आदल्या वर्षी नगरच्या कंपनीतल्या तपासणीत मला रक्तातून पसरणारी कावीळ निघाली होती. बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गावात कळलं असतं तर माझ्या शेजारी पंगतीला कुणी बसलं नसतं. मुंडण केलं तर माझ्यानंतर बसणाऱ्या चुलतभावांना धोका. नाही केलं, तर बापासाठी केससुद्धा दिले नाहीत हे जन्मभर ऐकायचं.

नवव्या दिवशी दुकानात कुणी नसताना मी तात्यांना सगळं सांगून टाकलं. ते कात्री पुसत राहिले.

"बस उंद्या घाटावर, कल्याण. बाकी माझं मी बगतो."

दहाव्याला थोरला भाऊ गहिनीनाथ मुंडण होऊन उठला. आता माझी पाळी. तेवढ्यात आरोग्य खात्याच्या धनश्री मॅडम पायऱ्या उतरून आल्या.

"तात्या, दर माणसाला नवं पातं लावा. नाहीतर तुमच्या दुकानाला कुलूप लावीन."

"ही भावाभावांची रीत हाय, मॅडम," चुलते चिडून म्हणाले.

आता तात्या भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मान खाली घातली. "दुकान बंद पडलं तर खाऊ काय? बदलतो, मॅडम."

त्यांनी हात धुतले, वस्तरा स्पिरिटनं पुसला, नवं पातं चढवलं. माझ्या डोक्यावरून त्यांचा हात फार हळू फिरला. माझं जावळही त्यांनीच काढलेलं. मला रडू आवरेना. सगळ्यांना वाटलं, बापासाठी रडतोय. तेही खरंच होतं.

माझ्यानंतर प्रत्येकाला नवं पातं लागलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, पुंजाराम बाईला भ्याला.

पुढे औषधासाठी सरकारी दवाखान्यात गेलो, तिथे मॅडम भेटल्या. मी म्हणालो, "तात्यांना इतकं लागेल असं बोलायला नको होतं."

"अहो, त्यांच्या दुकानात नाव ठेवायला जागा नाही," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी तेच आले होते. म्हणाले, 'उंद्या घाटावर येऊन मला चारचौघांत दम द्या.' कुणासाठी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

मी तिथून थेट दुकान गाठलं. बाकावर बसलेला एकजण तात्यांना चिडवत होता, "लपा तात्या, मॅडम आल्या." तात्या नुसते हसत होते. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि खुर्चीत बसलो.

"डोस्क्यावर धड केस न्हाईत, अन् आला खुर्ची अडवायला," तात्या खेकसले.

मी उठलो नाही. त्यांनी फडकं झटकून माझ्या गळ्याभोवती बांधलं आणि नवं पातं काढलं.