हलगी वरातीला जाणार नाही

बुटासकट चर्चमध्ये आला तो. उपासना चालू होती, पाळक प्रार्थना करत होते, आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले. बुटांचा आवाज झाला म्हणून मी उघडले. गावचा सरपंच, नांदूरघाटच्या रस्त्याकडच्या अर्ध्या शिवाराचा मालक. त्याने खुंटीवरची हलगी काढली आणि गुडघे टेकून बसलेल्या माझ्या बापापुढे फेकली.

"देव बदलला म्हून चामडं बदलतं व्हय बे? ऊठ. वरात वेशीत आलीय."

बाप उठला. आमेन म्हणायलाही थांबला नाही. पाळकांनी डोळे उघडलेच नाहीत, त्याचा राग मला अजून आहे. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

आम्ही मांग. लग्न असो की मयत, गावाचं बोलावणं आलं की हातातला घास टाकून हलगी घेऊन पळायचं. माझ्या आजीने हे झुगारलं होतं. तिच्या तरुणपणी बायबल वाचून दाखवणारी एक बाई पायी यायची. आमच्या लिंबाखाली बसायची आणि आजीच्याच कपातून चहा प्यायची. आजी सांगायची, आधी मी तो कप पाहिला, मग येशू. बाप्तिस्मा घेतला तेव्हा अख्ख्या मांगवाड्यात ती एकटी. गावाने दोन उन्हाळे पाणी बंद केलं. ती हटली नाही. ऊसतोडीला गेली की फडावरच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात, प्रार्थना बसवायची. एकाची दोन घरं झाली, दोनाची सात झाली, मग गायरानावर पत्र्याचं चर्च उभं राहिलं. हलगी तिनेच तिथे नेली. म्हणाली, आता ही देवापुढं वाजंल.

आणि त्या दिवशी बाप तीच हलगी घेऊन सरपंचाच्या पोराच्या घोड्यापुढे उलट्या पावली चालत होता, घामाने निथळत. पंगती उठल्यावर त्याच्या टॉवेलात बुंदीचा उरलेला चुरा टाकला, वरून, हात लागू न देता. तो त्याने घरी आणला. आमच्यासाठी.

मी खाल्ला नाही. विळा घेतला आणि हलगीचं चामडं उभं फाडलं. वाटलं, संपलं. हलगीच नाही तर बोलावतील कशाला?

आजीने मारलं नाही. फाटकी हलगी मांडीवर घेऊन बसली.

"मालकाला न्हाई म्हनायचं जमंना, म्हून हिच्यावर विळा चालवलास. हिचा काय गुन्हा?"

बाप तिथेच भिंतीला टेकून बसला होता. आजीने हलगीवर नवं चामडं चढवून घेतलं. बाप मात्र मरेपर्यंत बोलावणं आलं की जात राहिला, आणि रविवारी चर्चमध्ये खाली मान घालून बसत राहिला. मी त्याच्यावर फार चिडायचे. पाणी बंद झालेले ते दोन उन्हाळे त्याने लेकरू असताना काढले होते, हे मला फार उशिरा उमगलं.

आजी गेली, बाप गेला. चर्चमध्ये आता बसायला जागा पुरत नाही. हलगी माझी मुलगी वाजवते. केजला कॉलेजात शिकते.

यंदा ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या आणि ईस्टरच्या रविवारी चर्च गच्च भरलं. मुलगी अंगणात काटक्या पेटवून हलगी शेकत होती. तापल्याशिवाय चामडं बोलत नाही. तेवढ्यात पांढरी गाडी आली. ज्याच्या घोड्यापुढे बाप उलटा चालला, तोच नवरदेव आता सरपंच झालाय. हा त्याच्या बापासारखा ओरडला नाही. मला ताई म्हणाला. पोराचं लग्न आहे, डीजे सांगितलाय, पण पोरगी हलगी वाजवताना व्हिडिओत उठून दिसेल म्हणाला.

"ह्यो तर तुमचा मान हाय, ताई. तुमच्या बापानं कदी न्हाई म्हनलं न्हाई."

मान. मला टॉवेलातला चुरा दिसला.

"त्यानं म्हनलं न्हाई. मी म्हनते. न्हाई."

तो हसला. मग वर पत्र्यांकडे पाहिलं. जागा गायरानाची आहे, ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर एक पत्रा राहणार नाही, असं अगदी शांतपणे म्हणाला. मुलगी हलगी छातीशी धरून माझ्याकडे बघत होती.

"पत्रे काढा. आमी उन्हात बसू. हलगी वरातीला येनार न्हाई."

आठ दिवसांत नोटीस आली. अतिक्रमण हटवा. आमच्यातलेच दोघे कुरकुरले, एक वरात वाजवली असती तर काय बिघडलं असतं? काय बिघडलं असतं! माझ्या पोरीच्या ओढणीत चुरा पडला असता. आणि पुढे तिच्या पोरीच्या.

नोटीस मी लपवली नाही, चर्चच्या दाराला चिकटवली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलीने वाचून दाखवली, दोनदा.

पत्रे उतरवायला येतील त्या दिवशी आम्ही सगळे आत असू, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत. हलगी शेकून ठेवलेली असेल. प्रार्थना चालू असेल. पण या वेळी डोळे कुणीही मिटणार नाही.