उष्टं ताट

आमच्या घरी बाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते. वेगळं ताट घेणाऱ्या बाईचा नवऱ्यावर जीव नाही, असं सासूबाई मानतात. लग्न होऊन आले त्याच दिवशी त्यांनी मला तसं सांगितलं.

माझ्या घरधन्याला खर्ऱ्याची, तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाची, सवय आहे. जेवायच्या आधी तोंडातला खर्रा अंगणात थुंकतात, वरवर चूळ भरतात. तरी सुपारीचे कण तोंडात राहतातच. मग ते ओले तपकिरी कण भाताच्या कडेला दिसतात. चोखून टाकलेले मासोळीचे काटे, बोटं बुडवलेलं वरण, आणि त्यातच माझा भात. मी डोळे मिटून थोडे घास गिळते. बाकीचं तसंच ठेवून उठते. घरात सगळे म्हणतात, हिला पित्त आहे.

माझी मुलगी गोंदियाला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. जेवणाचा आणि मनाचा संबंध कसा असतो, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, आधी तुलाच विचारते. मला लाज वाटली. आम्ही तांदूळ निवडत होतो. सासूबाई दारात पाय पसरून बसल्या होत्या.

"आई, कोणतं जेवण आठवलं का तुले बरं वाटते?"

"रोवण्यातलं. बासी भात, मिरची, कांदा."

सासूबाई हसल्या. "पाय व, बासी आठवते इले. घरी मटन रांधलं तं तोंड वाकडं होते."

"मंग घरी काऊन नाही खात, आई? मन उदास राहते काय? उदास माणसाले जेवण जात नाही, आमाले शिकवलं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. पण मी उदास नव्हते. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाच्या कोऱ्या पानावर मी माझं माझं खाते आणि आणखी मागून घेते. मी खाली बघून म्हटलं, "किळस येते मले. ताट तुझ्या बाबाचं राहते."

तिचा हात सुपातच थांबला. रोज डोळ्यांनी बघून तिला ते प्रेम वाटायचं, असं ती नंतर म्हणाली.

"नवऱ्याची किळस?" सासूबाई म्हणाल्या. "मी जनमभर खाल्लं."

"तुले कधी नाही आली, आजी?"

सासूबाई उठून गोठ्याकडे गेल्या.

सायंकाळी घरधनी जेवून उठले. त्या दिवशी ताटाच्या काठावर थुंकीचा ओघळही होता. मी मांडणीवरचं दुसरं ताट काढलं.

खाटेवर खर्रा घोटत ते म्हणाले, "माझं ताट नासलं काय व?"

मी भात वाढून घेतला, पण घास उतरेना, कारण ते उष्टं ताट समोरच होतं. मी उठले. त्यातलं सगळं बाहेर कुत्र्यापुढे टाकलं, हात साबणानं धुतले आणि परत येऊन जेवले. दुसऱ्यांदा भातही घेतला.

तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. मी रोज मांडणीवरचं ताट घेते.