पाकळ्यांचा पाहुणचार

निव्वळ पाहुणचारापायी झाडाला सहा वर्षं एकही फळ धरू न देणारा माणूस भूतलावर एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. घाटमाथ्याजवळच्या मढ गावात, घरामागच्या परड्यात त्यांनी अननस-पेरू नावाच्या परदेशी फळाची दोन झाडं लावली आहेत. एकटं झाड सहसा धरत नाही, असं नर्सरीवाला म्हणाला म्हणून जोडीनं आणली. सकाळचा चहा मामा त्यांच्याशी गप्पा मारत घेतात, पानांची चंदेरी पाठ येणाऱ्याजाणाऱ्याला उलटून दाखवतात, आणि फळाच्या चवीचं असं रसभरित वर्णन करतात, की ते त्यांनी स्वतः कधी चाखलेलंच नाही हे आपण विसरून जातो.

ही झाडं फुलतात नेमकी गावच्या चैत्रातल्या जत्रेच्या सुमारास, आणि त्यांच्या जाड पाकळ्या लागतात गोड. मग काय विचारता! पाहुणा दारात आला की पाण्याच्या तांब्याआधी अख्खं फूल हातात. “घ्या पावणं, खाऊन तर बघा, लई ग्वाड लागतंय.” मी स्वतः एका बैठकीत अकरा फुलं फस्त केली आहेत.

शेवटी मामी वैतागल्या. “औंदा फळ धरलं नाय, तर दोन्ही तोडून शेवगा लावणार. आमटीला तरी व्हईल!” मामा धावत नर्सरीत गेले. तिथल्या गृहस्थानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “मामा, फुलंच खाऊन टाकल्यावर फळ धरंल कशाला?”

त्या जत्रेत मामांनी छातीवर दगड ठेवला. झाडांपुढे धोतर वाळत घालून पाहुण्यांची नुसत्या चहावर बोळवण केली. व्याही रुसले. खरं सांगायचं तर मीही रुसलो. मढच्या पावसातून एकच फळ तगलं. ते तोडायचं नसतं, पिकलं की आपणहून गळतं, म्हणून मामांनी खाली गोधडी अंथरली आणि खुर्ची टाकून राखण केली. नवरात्रात ते दाढी करायला उठले आणि नेमकं तेव्हाच ते पडलं.

दसऱ्याला मी गेलो, तर बशीत एक पातळ फोड माझी वाट पाहत होती. मी ती मिटक्या मारत खाल्ली.

“जावयबापू, कसं लागतंय?” मामांनी खुर्ची पुढे ओढत विचारलं. थोडं अननसासारखं, थोडं पेरूसारखं, असं मी सांगत गेलो आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.

“तुम्ही नाही खाल्लं?”

“आमचं काय, घरचंच झाड हाये!”

निघताना मामींनी सांगितलं, जत्रेला ज्यांना ज्यांना नुसता चहा दिला, त्या सगळ्यांच्या घरी मामा स्वतः फोडी देऊन आले. माझी शेवटची होती. शेवग्याचं नाव मामींनी पुन्हा काढलं नाही. मला मात्र त्या अकरा फुलांची अजून लाज वाटते.