औषधाची कंपनी

माजलगावच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली तेव्हा अप्पांनी शेजारच्या आडत्याला कौतुकानं सांगितलं, "पोरगं हार्मोनच्या कंपनीत लागलंय. औषधं असतेत त्येची." मी पिशवी वर चढवत होतो. दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसलो. आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा येत नसे आणि मी निघालो होतो आंध्रच्या किनाऱ्यावर, कोळंबीची पिल्लं तयार करायला. आईनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "गळ्यातलं लिंग काढू नको," एवढंच म्हणाली. माझी थोरली बहीण अक्का सासरहून, केजहून, मुद्दाम आली होती. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती गाडी वळेपर्यंत उभी राहिली.

नव्वदीची पहिली वर्षं ती. देशाची दारं उघडली असं सगळे म्हणत. त्या किनाऱ्यावर ती कोळंबीनं उघडली. भाताची खाचरं खणून लोकांनी तळी केली, माल जपानला जाऊ लागला. त्या तळ्यांना पिल्लं पुरवणाऱ्या हॅचरीत मी होतो. तिसऱ्या महिन्यात मी कोळंबीला 'रोय्या' म्हणू लागलो आणि सांबार-भाताला जेवण. भाकरीची आठवण यायची, नाही असं नाही.

काम सांगतो. समुद्रातून आणलेली मादी टाकीत सहसा अंडी धरत नाही. तिच्या जबड्याच्या मुळाशी एक ग्रंथी असते, ती अंडाशय वाढायला मदत करणारं संप्रेरक बनवते. पण डोळ्याच्या देठात दुसरी संप्रेरकं तयार होतात. ती त्या ग्रंथीलाही दाबून ठेवतात आणि अंडाशयालाही. म्हणून आम्ही एक डोळा काढायचो. तापलेल्या चिमट्यानं देठ दाबायचा, क्षणभराचं काम. आठवडाभरात पाठीच्या कवचातून हिरवं अंडाशय दिसू लागे. औरंगाबादला एम.एस्सी.ला खेकड्यांवर हेच शिकलो होतो, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नसे.

पहिल्या नागपंचमीला घरी आलो. अक्काही माहेरी आली होती. दुपारी मागच्या खोलीत ती डाळ निवडत बसली होती. मी दिसताच हळूच म्हणाली, "तुज्या कंपनीत लेकरू व्हायचं औषध करतेत म्हनं. अप्पा सांगत हुते." सासूनं नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती, दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. "मला दी की. न्हाई म्हनू नको."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, प्राणी कुठला आणि गळ्यात लिंग घालून मी काय करतो तेही. औषध नसतंच, डोळा काढतो, असं म्हणालो. तिचा हात सुपातच थांबला.

"दोन्ही काढतेत?"

"एकच."

"मंग माजा काढ की," ती म्हणाली. "एका डोळ्यानं सैपाक व्हतोय."

बाईच्या डोळ्यात तसली संप्रेरकं तयार होत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं. परीक्षेत लिहावं तसं, नीट. मला माझीच लाज वाटली. तिनं मान हलवली आणि पुन्हा डाळ निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "आईला सांगू नको कोळंबीचं. मी बी न्हाई सांगत."

परतल्यावर माझा हात थांबला असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. थांबला नाही. दिवाळीनंतर अक्काच्या घरात सवत आली आणि अक्का कायमची माजलगावला. पुढं कोळंबीत रोग शिरला, आमची हॅचरी बंद पडली, मी दुसऱ्या हॅचरीत लागलो. आई गेली, तिच्या लेखी मी औषधंच करत होतो. अप्पा थकले आणि आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर अक्का बसू लागली.

गाव सोडलेल्या तुमच्यापैकी कुणाला घर म्हटलं की अंगण आठवत असेल, कुणाला चूल. मला अक्काचा एसटीडीवरचा आवाज आठवतो. दुकानात गिऱ्हाईक असलं की ती विचारते, "औषध किती झालं रे?" एकटी असली की म्हणते, "आज किती जणींचे डोळे काढले?" माझं काम ज्या जागी खऱ्या नावानं ओळखलं जातं तेवढंच माझं घर उरलंय.

गेल्या रविवारी तिनं ते विचारलं नाही. म्हणाली, "त्यांला दुखत आसंल का रे?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

"दुखतं," मी म्हणालो.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. मग दुकानात कुणीतरी साखर मागितली आणि तिनं फोन ठेवला.