आवाजाचं फोल्डर

माही सून धनवंता मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे लगनाच्या शुटिंगची कापाकापी अन् जोडाजोडी. फुलचूरच्या आमच्या घराची समोरची खोली तिनं त्याच्यातच घातली. पहिले पहिले मले हे बिलकुल पसंत नव्हतं. दिवसभर कानाले डब्बे लावून बसते, अन् मी बुढी इकडून हाका मारून मारून घसा कोरडा करतो, तं हिले पत्ताच नाही!

तोंडानं बी काही कमी नाही, बाप्पा. एक नवरदेवाचा मामा आला होता, म्हणे, "पुरं लगन व्हाट्सॲपवर जाईल असं छोटं करून द्या." धनवंता त्याले म्हणते, "छोटं केलं का नवरीचं तोंड पिठाच्या गोळ्यावानी दिसते. मंग माह्या नावानं बोंबलाल." कॅमेऱ्याची फाईल कॉम्प्युटरले चालत नाही म्हणून बदलवा लागते, हे मले तिनंच समजावलं. म्हणे, "आई, डबा बदलवाचा असते, भाजी नाही. लोकं डबा बदलवता बदलवता भाजीच पिळून टाकतात." एवढं मात्र माह्या ध्यानात राहिलं.

तुळशीचं लगन आटोपलं अन् सीझनचं पहिलं लगन आलं. माहा लहाना पोरगा विक्की शुटिंग करते. सकाळीच कॅमेरा घेऊन तो आमगावाकडच्या एका गावी गेला. अन् दुपारी आमच्या दारात केवलराम सलामे आला, सालेकसा तालुक्यातला, संग त्याची नातीण दिव्या.

केवलरामले मी पटकन ओळखलंच नाही. पोळ्याच्या वेळी विक्कीनं त्याच्या आंगणात जाऊन त्याचं गाणं शूट केलं होतं, तवा कसा धडधाकट बुढा होता! आता अर्धा जबडाच काढलेला. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं खाल्ला. जीभ बी कापली. घशातून नुसता घरघर आवाज निघते, शब्द नाही. अन् बिचाऱ्याले लिहिता तं येतच नाही.

"ते गाणं आमच्या घरचंच आहे," दिव्या म्हणाली. "कचारगडच्या आमच्या गोंडाइच्या जत्रेत माहा आजाच गाते. दुसऱ्या कोणालेच पुरं येत नाही. आपरेशनच्या आधी त्यानं म्हणून तं शूट करून ठेवलं. आता माघातल्या जत्रेत ते मले म्हणाचं आहे. ताई, तेवढं काढून द्या."

"बस इथं," धनवंता म्हणाली. "आत्ता काढतो."

फाईल बदलली. चित्र आलं, असं लख्ख का केवलरामच्या गालावरचा घाम दिसून राहिला होता. तोंड हलून राहिलं. आवाज काही नाही. धनवंतानं वायर हलवली, दुसरं मशीन लावलं. नाही. मंग तिनं हार्डडिस्क उघडून पाहिली अन् कपाळावर हात मारला.

"काय झालं वो?" मी म्हणलं.

"आई, हा कॅमेरा चित्र एका फोल्डरात ठेवते अन् आवाज दुसऱ्या. विक्कीभाऊजीनं चित्राचंच फोल्डर उचलून आणलं."

लेकाचा! पण एकट्या त्याले तरी काय बोलाचं? आमच्या धंद्यातली रीतच तशी. लगनाचा आवाज कोण ठेवते? डीजेचा गोंगाट अन् बायांची कलकल. तो फेकाचा अन् वरून पिक्चरचे गाणे लावाचे. आवाजाचं फोल्डर म्हणजे आमच्या घरी कचरा. त्या बुढ्याचा आवाजही कचऱ्यात राहिला.

"मंग गेलं?" दिव्याचं तोंड पांढरं पडलं.

"कॅमेऱ्याच्या कार्डात असंल. पावसात लगनं नसतात, कार्ड तसंच पडून होतं." धनवंता फोन लावून राहिली होती. "पण भाऊजी सीझनच्या पहिल्या लगनाले कार्ड पुसूनच सुरुवात करतात."

घंटी जाऊन राहिली, विक्की उचलून नाही राहिला. डीजेत कुठून ऐकू येईल! धनवंतानं स्कुटीची चाबी घेतली. मी म्हणलं, मी बी येतो. "तुमी कायले?" म्हणे. म्हणलं, "काऊन का माहा पोरगा फक्त मलेच भेते!"

अशी गाडी हाकलली तिनं का मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो. पदर उडून तोंडावर. "हळू चालव ना वो, मराले निघाली का?" म्हणलं, तं ऐकतच नाही. मनात मले बी एकच होतं, पोट्ट्या, हात लावू नको, हात लावू नको त्या कार्डाले.

मांडवात पोचलो तवा नवरीले हळद लागून राहिली होती अन् विक्की कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा. धनवंता सरळ आत घुसली.

"भाऊजी, कार्ड पुसलं का?"

"सकाळीच. काऊन?"

"त्याच्यावर काय शूट केलं?"

"मांडव केला. आता हळद सुरूच करून राहिलो."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. कॅमेरा बंद केला अन् कार्ड ओढून काढलं. नवरीचा काका धावत आला, "ए बाई! आमची हळद चालू आहे ना!" मी मधात उभी राहिलो. "हळद कुठं पळून नाही चालली. दुसरं कार्ड आहे त्याच्यापाशी. तोवर बसा, पाणी प्या." विक्की म्हणे, "आई, असं काय करता, इज्जत जाते ना!" "तुही इज्जत घरी आल्यावर पाहतो," म्हणलं.

परत आलो तं केवलराम त्याच खुर्चीवर. पोरीनं चहा पाजाचा प्रयत्न केला होता, तो गमछ्यावर सांडला होता. धनवंतानं कार्ड लावलं. म्हणाली, "पुसलं म्हणजे खरं पुसलं जात नाही दादाजी, वरचं नाव तेवढं जाते. पण भाऊजीनं ज्या जागेवर नवीन शूट भरलं, तिथलं जुनं माह्या हातात नाही." मशीन शोधत बसलं. मले तं वाटून राहिलं होतं का त्या मशीनले दोन झापडा माराव्या.

अन् आवाज आला.

काय आवाज होता तो! मले गोंडी समजत नाही, पण काटा आला आंगावर. केवलरामनं खुर्चीचे दांडे धरले. दिव्या मोबाईलवर लिहून घेत संगसंग गुणगुणाले लागली. आता झालं, असं मले वाटलं, अन् तेवढ्यात मधातच खरखर झाली अन् आवाज बंद. चित्र चालूच. जरा वेळानं आवाज परत आला.

"विक्कीभाऊजीचा मांडव इथं पडला," धनवंता म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

दिव्या रडाले लागली. "नेमकं इथंच आमच्या घरच्या गेलेल्या माणसाइचे नावं येतात. मले सारे ठाऊक नाहीत. एक बी सुटलं तं गाणं होत नाही."

केवलरामनं तोंड उघडून पाहिलं. नुसतीच घरघर. त्याचे आताचे ओठ तं धड मिटतही नाहीत.

धनवंतानं डोळे पुसले अन् चित्र मागं घेतलं. मोठं केलं, अजून मोठं केलं, पुऱ्या पडद्यावर तेवढं तोंडच. फाटलं नाही, धुरकट झालं नाही. "ओठ पाह्य पोरी. तू नाव घे. दादाजी हो का नाही सांगतील."

हळूहळू चालवलं. दिव्या नाव घ्याची, बुढा मान हलवाचा. नाही. दुसरं. नाही. तिसऱ्याले त्यानं टेबलावर हात मारला. हो! असं एकेक नाव निघत गेलं. पणजा, पणजी, कोणी चुलता. मी बी पदर तोंडात धरून पाहत होतो.

शेवटच्या नावाले पोरगी अडकली. किती नावं घेतली तिनं, बुढा मान हलवतच राहिला. धनवंतानं पुन्हा चालवलं, अजून हळू. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, मंग जीभ वर गेली.

दिव्या उभीच राहिली.

"प्रेमिला?"

बुढ्यानं टेबलावर असा हात मारला का कप खाली पडला.

"माही माय," ती आमच्याकडं पाहून म्हणाली. "मागच्या साली गेली. आज्यानं तिचं नाव घातलं, मले सांगितलंच नाही."